शनी आणि कंदील

हेग शहरात १६५९ साली तिशीतला एक डच विद्वान दोन अगदी वेगळ्या उद्योगांत गढला होता. त्या वर्षी त्याचं शनीवरचं पुस्तक निघालं आणि गॅलिलिओपासून भल्याभल्यांना चकवणारं एक कोडं सुटलं. शनीच्या दोन बाजूंना दिसणारे ते ‘कान’ म्हणजे त्याच्याभोवतीचं पातळ, सपाट, त्याला कुठेही न टेकलेलं कडं आहे, असं त्याने सांगितलं. शनीचा सर्वांत मोठा उपग्रह टायटन, तोही त्यानेच चार वर्षांपूर्वी शोधला होता. दुसरा उद्योग घरगुती करमणुकीचा. भिंगं घासण्यात त्याचा हातखंडा होता. दिवा, रंगवलेली काच आणि भिंग यांची जोडणी करून त्याने चित्र भिंतीवर पाडलं. त्यासाठी काढलेली त्याची रेखाटनं आजही जपलेली आहेत. त्यांत एक सांगाडा स्वतःचं डोकं उचलून हातात घेतो. माणसाचं नाव क्रिस्तियान हायगेन्स, यंत्राचं नाव जादूचा कंदील.

टीव्हीवर ग्रहांचे जे माहितीपट आपण पाहतो, त्यांचं कुळ शोधत मागे गेलं की या घराशी येऊन थांबावं लागतं. ग्रह ओळखणारा आणि चित्र भिंतीवर पाडणारा, दोघे एकाच अंगरख्यात. पण त्यांचं आपसात पटत नव्हतं. १६६२ साली वडिलांनी कंदील मागवला. तो फ्रान्सच्या राजदरबारात दाखवायचा बेत आहे हे कळताच हायगेन्सने भावाला कळवलं, की कंदील चालणार नाही अशी काहीतरी खोट करून ठेव. खेळवाल्यांच्या पंगतीत बसणं या विद्वानाला नको होतं. हा संकोच या कुळात पिढ्यान्‌पिढ्या उतरला.

कंदिलाला मात्र तो नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या व्याख्यानांसाठी खगोलाच्या खास काचा मिळू लागल्या. लाकडी चौकटीत दातेरी चक्रं असत, बाजूला दांडा. दांडा फिरवला की पडद्यावर सूर्याभोवती ग्रह फिरू लागत. आपल्याकडे कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी हाच कंदील ‘शांबरिक खरोलिका’ अशा भारदस्त नावाने लोकांपुढे आणला. त्यांच्या काचांवर ग्रहांऐवजी पुराणकथा होत्या.

टीव्हीआधीचा शेवटचा पूर्वज चित्रकार होता. चेस्ली बोनस्टेल हा हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी हुबेहूब देखावे रंगवून देत असे. १९४४ साली ‘लाइफ’ मासिकात त्याची शनीची चित्रं आली. कुठल्या उपग्रहावरून शनी केवढा दिसेल, याचा हिशोब करूनच तो रंगाला हात घालायचा. टायटनवरून दिसणारा त्याचा शनी फार गाजला. बर्फाळ कडे, निळं आकाश आणि त्यात तरंगणारा, कड्यांचा भलामोठा शनी.

टीव्हीवर हे कुळ १९५७ साली दोन घराण्यांत फुटलं. एप्रिलच्या २४ तारखेला बीबीसीवर ‘द स्काय ॲट नाइट’ सुरू झाला. पॅट्रिक मूर प्रेक्षकांकडे पाहत भराभर बोलत सुटले आणि २०१२ साली मरेपर्यंत थांबले नाहीत. हे निरूपणाचं घराणं. डिसेंबरमध्ये, स्पुटनिक उडाल्याला बरोबर दोन महिने झाले होते तेव्हा, अमेरिकेत डिस्नेचा ‘मार्स अँड बियाँड’ दाखवला गेला. रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन त्यात होते, पण मंगळ होता तो हाताने रंगवलेला. हे चित्राचं घराणं.

खरा मंगळ टीव्हीत आला तोही रंगकामातूनच. जुलै १९६५मध्ये मरीनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं. त्यावर टीव्ही कॅमेरा होता. एका चित्रात २०० ओळी, दर ओळीत २०० ठिपके. यानाकडून माहिती येई सेकंदाला जेमतेम आठ बिट इतकी सावकाश, म्हणजे एका चित्राला आठ तासांच्या वर. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत यंत्रातून नुसत्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या बाहेर पडत होत्या. संगणकावरचं चित्र तयार होईपर्यंत तिथल्या अभियंत्यांना धीर निघेना. त्यांनी पट्ट्या शेजारी शेजारी फळ्यावर चिकटवल्या आणि रंगीत खडूंनी आकडे रंगवायला घेतले. जितका उजेड, तितका फिकट रंग. लहान मुलांच्या आकडे पाहून रंगवायच्या वहीसारखं ते काम. जवळून टिपलेला मंगळ माणसाने प्रथम पाहिला तो असा, खडूने काढलेला. ते चित्र चौकटीत बसवून प्रयोगशाळेच्या संचालकांना भेट दिलं गेलं.

पुढे रंग आले, पण रंग कोणते, हा प्रश्न सुटला नाही. जुलै १९७६मध्ये व्हायकिंग १ मंगळावर उतरलं. पहिल्या रंगीत चित्रातलं आकाश पृथ्वीसारखं निळसर निघालं. मोजमाप तपासल्यावर ते हवेतल्या धुळीमुळे गुलाबीसर असल्याचं कळलं. ही दुरुस्ती जाहीर होताच पत्रकारांनी हुर्यो केली, असं खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी लिहून ठेवलं आहे. लोकांना घरच्यासारखं आकाश हवं होतं.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळवली ती सेगन यांनीच. २८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेत ‘कॉसमॉस’चा पहिला भाग लागला. तेरा भागांत सेगन मूरसारखे थेट प्रेक्षकाशी बोलत होते. चित्रं मात्र आता संगणकाची होती. जिम ब्लिन याने व्हॉयेजर यान गुरूजवळून कसं जाईल याचा चित्रपट यान तिथे पोचण्याआधीच गणितावरून तयार केला होता. ‘कॉसमॉस’साठीही त्याने काम केलं. सहाव्या भागात व्हॉयेजरच्या जोडीला सेगन यांनी हायगेन्सचं हॉलंड उभं केलं. मालिका चालू असतानाच, १२ नोव्हेंबरला, व्हॉयेजर १ शनीपाशी पोचलं आणि टायटन हा नारिंगी धुक्याचा गोळा निघाला. जमीन दिसलीच नाही.

‘कॉसमॉस’ पुढे आपल्या दूरदर्शनवरही आली, आणि ‘ब्रह्मांड’ या मालिकेतून जयंत नारळीकरांनी निरूपणाचं घराणं इथे रुजवलं. शनी म्हटलं की साडेसाती आणि शनिवारचं तेल आठवणाऱ्या घरांत तो प्रथमच कड्यांसह शिरला.

चित्राचं घराणं मात्र जरा जास्तच धीट झालं. १९९०नंतर मॅगेलन यानाने रडारने शुक्राचा नकाशा काढला. त्यावरून केलेल्या चित्रांत माट मॉन्स हा आठ किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी सुळक्यासारखा उभा दिसतो, कारण उंची मुद्दाम कित्येक पट वाढवली होती. प्रत्यक्षात त्याचा चढ अगदी मंद आहे. डेव्हिड मॉरिसन या खगोलशास्त्रज्ञाने थट्टेत ‘सपाट शुक्र मंडळ’च काढलं. हायगेन्सचा जुना संकोच इथे कामाला आला. कंदील बिघडवायचा नसेल, तर त्याचं भिंग किती फुगवून दाखवतं हे तरी सांगावं.

टायटनचं आकाश अखेर १४ जानेवारी २००५ला दिसलं. युरोपच्या ज्या यानाने तिथे उतरून चित्रं पाठवली, त्याचं नाव हायगेन्स. खाली गोलसर दगड, वर नारिंगी धूसरपणा. बोनस्टेलचं निळं आकाश नाही आणि शनीही नाही. ते यान शनीपर्यंत वाहून नेणाऱ्या कॅसिनीने १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात उडी घेऊन आपला शेवट केला. तो टिपायला तिथे दुसरा कॅमेरा नव्हता, त्यामुळे जगाने पाहिला तो शेवट संगणकावर काढलेला होता. २०१८ साली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या त्या सादरीकरणाला एमी मिळालं. एमी हे टीव्हीवाल्यांचं, म्हणजे खेळवाल्यांचं बक्षीस. खडूने मंगळ रंगवणाऱ्या त्याच प्रयोगशाळेने ते घेतलं, आणि या वेळी कुणीही भावाला कंदील बिघडवायला सांगितलं नाही.