गिरणगावचे मत

वसंत व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असे चालकांनी सुचविले, तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात लावलेले हे रोप विद्वानांनी वाढविलेले आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातून आणि गेटावरच्या सभांतून झाले. परंतु विषय निघाला सामान्य माणसाच्या मताचा, आणि मग नाही म्हणवेना.

श्रोत्यांपैकी पुष्कळांचे वाडवडील मुंबईच्या गिरण्यांत होते. ते शिमग्याला, गणपतीला गावी येत, तेव्हा ट्रंकेबरोबर मतेही घेऊन येत. सरकारविषयी, पुढाऱ्यांविषयी, तमाशातल्या सोंगाड्याविषयी, जातीपातीविषयी. ही मते बनत कोठे? एका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत, म्हणून खरा संसार गॅलरीत, खानावळीत आणि न्हाव्याच्या दुकानात चाले. वर्तमानपत्र वाचणारा एक आणि ऐकणारे वीस. ऐकणारा मध्येच म्हणे, "थांब, परत वाच." एवढ्या बारकाईने वर्तमानपत्र वाचणारे पदवीधर आम्ही फार पाहिले नाहीत. वगातला सोंगाड्या राजाच्या शिपायाला उलट उत्तर देई, तेव्हा तो कोणत्या जॉबरला बोलतो आहे हे प्रेक्षकांना समजावून द्यावे लागत नसे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, त्याला असा तयार श्रोता मिळाला.

आता इतिहासाकडे वळू. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि एक अर्ज तयार केला. रविवारी सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा, कामावर जखमी झालेल्यास भरपाई मिळावी. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मालकपक्षाचे म्हणणे असे, की सणावारी सुट्या असतातच, मग आणखी सुटी कशाला? म्हणजे कामगारांना काय हवे हे मालकांना ठाऊक होते. लोखंड्यांनी ते गृहीत धरले नाही, माणसे मोजली. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार होते आणि त्यांत दोन स्त्रिया भाषणाला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आज आपण रविवारी सकाळी दुसरा चहा घेतो, तेव्हा लोखंड्यांचे नाव निदान कोणीतरी घेतो. त्या दोघींचे कोणी घेत नाही.

या मताला एका खणात कोंबता येत नाही, हे १९०८ साली दिसले. फॅक्टरी कायद्याला टिळकांच्या केसरीने विरोध केला होता. लँकेशायरच्या मालकांनी हिंदी गिरण्यांना जखडण्यासाठी तो आणला, असा त्या काळच्या बऱ्याच देशभक्तांचा समज होता. असे असूनही २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. वर्षाला एक दिवस. लष्कर आले, गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. कोणीतरी चिथावल्याशिवाय असे होणार नाही, असे सरकारी डोक्याला वाटले. पण आमच्या अनुभवाने सांगतो, चिथावणीने दगड फेकला जातो. वर्षाला एक दिवस हा हिशेब गॅलरीत बसून घातलेला असतो. लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली. टिळक आणि कामगार यांचे मत प्रत्येक गोष्टीत जुळत नव्हते, ही गोष्ट मात्र आमच्या पक्षांच्या सभांत कोणी काढीत नसे. ती गैरसोयीची होती.

मत कामगाराचे म्हणून ते शहाणेच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. विणाई खात्यात मजुरी चांगली, पण तेथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण ऐकण्यासारखे आहे. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. एकाची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. तेवढ्यासाठी दलित माणसाने कमी मजुरीच्या खात्यात राबायचे. ही अट मालकाच्या कोणत्याही नोटिशीत नव्हती, ती साच्यावरच्या माणसांच्या मनात होती. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप चालू असताना डॉ. आंबेडकरांनी विणाई खाते खुले करा ही मागणी पुढे केली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती मानली, पण नाखुशीने. तेव्हाच्या पुढाऱ्यांना आम्ही गुरू मानतो, म्हणूनच हे सांगताना जीभ जड होते. एकीत फूट पडेल, आज हा विषय नको, असे त्यांना वाटले असणार. आम्हीही ते वाक्य उच्चारले आहे. एका छोट्या कारखान्याच्या गेटावर, पाळीच्या सुट्टीत, बायकांच्या मुतारीचा प्रश्न एका बाईने काढला. आम्ही म्हणालो, "बाई, आधी बोनस." ती खाली बसली आणि त्यानंतर कधी सभेला आली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ च्या निवडणुकीत गिरणी कामगाराने खासदार निवडला. पण गिरणीत आपल्या वतीने कोणत्या युनियनने बोलावे, हे मात्र त्याला निवडता येत नव्हते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका युनियनला प्रतिनिधीचा दर्जा दिला, तोही सभासदांच्या नोंदीवरून. गुप्त मतदान नाही. वर्गणीच्या पावत्या मोजल्या, मत मोजले नाही. तीस-पस्तीस वर्षे हे साचत गेले. १९८१ च्या दिवाळीला बोनसच्या वादात कामगार स्वतः उठून डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले आणि आमचे पुढारीपण घ्या म्हणाले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख माणसे कामावर गेली नाहीत. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. गिरण्या गेल्या, जमिनींवर मनोरे उभे राहिले.

आमचे वडील त्या अडीच लाखांत होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो. २००४ साली मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या शंभर माणसांना बोलते करून पुस्तक केले, त्याची माहिती वाचली आणि आम्हांला एकदम शरमल्यासारखे झाले. गावोगाव भाषणे करीत हिंडलो, पण घरच्या साचेवाल्याला एक प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या मे महिन्यात गावी गेलो, अंगणात बसलो आणि विचारले, संप करावा असे तुमचे स्वतःचे मत होते काय?

वडील बराच वेळ बोलले. संप बरोबर होता, पण वेळ चुकली. दिवाळीनंतर लगेच निघायला हवे होते, आणि डॉक्टरांनी एवढे ताणायला नको होते. आई आत भाकरी थापीत होती. ती तेथूनच म्हणाली, "वेळ कसली चुकली? तेव्हा तर चाळीत तुम्हीच सगळ्यांना सांगत होता, अजून एक महिना थांबा म्हणून." वडील म्हणाले, एक नव्हे, दोन महिने म्हटले होते. त्यावर दोघांचे जे सुरू झाले, ते जेवणाची ताटे मांडली तरी संपले नव्हते.