मागची रांग धूसर का येते?

लग्नाच्या हॉलमध्ये तीन रांगांत उभ्या केलेल्या कुटुंबाचे छायाचित्र कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर उत्तम दिसते. घरी संगणकावर मोठे करून पाहिले, की पहिल्या रांगेतील बच्चेकंपनी रेखीव आणि मागे उभे असलेले आजी-आजोबा मात्र धूसर, हे लक्षात येते. तोवर मंडळी आपापल्या गावी गेलेली असतात. नवोदित छायाचित्रकार अशा वेळी हात हलला किंवा लेन्सच सदोष आहे, असा समज करून घेतो. दोष बहुधा अ‍ॅपर्चरच्या निवडीत असतो.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधील पातळ पात्यांमुळे लहान-मोठे होणारे छिद्र. त्याचे माप ‘एफ’ क्रमांकात सांगतात. लेन्सच्या फोकल लेंथला छिद्राच्या व्यासाने भागले, की हा क्रमांक मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र २५ मिलिमीटर उघडले असेल तर एफ/२, साडेबारा मिलिमीटर असेल तर एफ/४. क्रमांक वाढला की छिद्र लहान होते, ही नवशिक्यांना चकवणारी उलटी रीत या भागाकारातून आली आहे. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही मालिका पाठच करावी. प्रत्येक पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा होतो.

प्रकाशाबरोबरच चित्रातील स्पष्टतेचा पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, छिद्रावर अवलंबून असतो. काटेकोरपणे पाहता, ज्या अंतरावर फोकस केला तेवढेच पूर्ण रेखीव उमटते. त्याच्या पुढच्या-मागच्या बिंदूंची चित्रात वर्तुळे होतात. ती डोळ्याला बिंदूच वाटावीत इतकी बारीक असतात, तोवर चित्र स्पष्ट भासते. छिद्र लहान केले की किरणांचा शंकू निमुळता होतो, वर्तुळे आक्रसतात आणि पट्टा रुंदावतो. चष्मा नसताना डोळे बारीक करून बसवरची पाटी वाचता येते, ती याच न्यायाने.

आता पुन्हा हॉलमध्ये. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स आहे आणि रांगा ४, ५ व ६ मीटरवर आहेत, असे समजू. एफ/२ ठेवून पहिल्या रांगेवर फोकस केला, तर साधारण ३.६५ ते ४.४ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. उरलेल्या दोन्ही रांगा हातच्या जातात. एफ/५.६ वर मधल्या रांगेवर फोकस केल्यास पट्टा सुमारे पावणेचार ते साडेसात मीटर होतो आणि सारे कुटुंब त्यात मावते. किंमत मोजावी लागते ती प्रकाशाची. तीन पायऱ्या म्हणजे प्रकाश एक अष्टमांश. शटरचा वेग कमी केला तर माणसे हलतात. त्यामुळे आयएसओ ४०० वरून ३२०० वर न्यावा किंवा फ्लॅश वापरावा. चित्र थोडे रवाळ झाले तरी चालेल, धूसर आजोबांपेक्षा ते बरे!

अंतर आणि फोकल लेंथ यांचाही वाटा मोठा असतो. जवळून किंवा टेलिफोटो लेन्सने टिपलेल्या चेहऱ्यामागची गर्दी सहज विरघळते. निसर्गचित्रात याउलट हवे असते. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदींनी आपल्या गटाला ‘एफ/६४’ हेच नाव दिले होते. मात्र त्यांचे कॅमेरे मोठ्या आकाराच्या फिल्मचे होते. आजच्या कॅमेऱ्यांत एफ/१६ च्या पुढे गेल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे संपूर्ण चित्रच मऊ पडू लागते. डोंगररांगांसाठी एफ/८ किंवा ११ पुरते.

मोबाइलवर एफ/१.८ असे लिहिलेले असूनही सारे काही स्पष्ट येते, कारण त्याच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर, म्हणजे छिद्र ३-४ मिलिमीटरचेच असते. पोर्ट्रेट मोडमधील धूसर पार्श्वभूमी गणिताने रंगवलेली असते. केसांच्या बटा आणि चष्म्याच्या काड्या निरखून पाहिल्या, की ती अनेकदा ओळखू येते.