भिंतीवरची टाकी, अंगणातली टाकी : खानदेशातील संडासाचा इतिहास

1/ जळगाव आणि धुळ्यातील अनेक जुन्या घरांत सध्या एक बदल घडताना दिसतो. भारतीय बैठकीचे भांडे निघते आणि त्या जागी कमोड येतो. मात्र पुष्कळदा त्याची टाकी नीट बसत नाही. ती डुगडुगते, भिंतीपासून दोन बोटे सुटते आणि भांड्यात पाण्याची बारीक धार अखंड वाहत राहते. या किरकोळ वाटणाऱ्या दोषामागे दीड शतकाचा इतिहास उभा आहे.

2/ 1819 पासून कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे म्हणून वसवले. 1906 मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. या काळातील शहरी घरांतील संडास बहुधा पाटीचे असत. मैला खालच्या टोपलीत पडे. मागच्या अरुंद बोळातून मेहतर समाजातील स्त्री-पुरुष तो डोक्यावरून वाहून नेत. घराची स्वच्छता दुसऱ्याच्या अंगावरील घाणीवर उभी होती.

3/ पाण्याने मैला वाहून नेण्याची युक्ती त्याआधीच सापडली होती. 1775 मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग याने वाकड्या नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. त्या वळणात साचणारे पाणी दुर्गंधी अडवते. पुढे डोक्याच्या वर ओतीव लोखंडाची टाकी आणि तिला लोंबणारी साखळी आली. टाकी उंचावर ठेवण्यामागे कारण होते : पाणी जितके उंचावरून येईल, तितका त्याला वेग मिळतो.

4/ युक्ती ठाऊक असूनही पाटी हटली नाही, कारण ती हटवण्यासाठी नळ, गटार आणि खर्च या तिन्हींची गरज होती. माणसाचे श्रम मात्र स्वस्त होते. खानदेश ज्या मुंबई प्रांतात मोडत असे, त्या प्रांताच्या सरकारने 1949 मध्ये व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या जीवनमानाची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल 1952 मध्ये आला आणि 1955 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यातील प्रमुख शिफारशी सर्व राज्यांना धाडल्या. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा होण्यास 1993 साल उजाडावे लागले.

5/ दरम्यान टाकी खाली उतरली. लोखंडाची जागा चिनी मातीने आणि प्लॅस्टिकने घेतली. 1980 मध्ये जळगावातच जैन उद्योगसमूहाने पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केले. त्या दशकांत प्लॅस्टिकची नळजोडणी सामान्य घराच्या आवाक्यात आली. पुढे भांड्यावरच टेकणारी टाकी आली, आणि तिच्यासोबत टाकी न बसण्याची नवी तक्रारही आली.

6/ दोषाचे मूळ बहुधा टाकीत नसून जमिनीत असते. कमोड घेताना भिंतीपासून मैल्याच्या पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे लागते. एस ट्रॅपच्या भांड्यांत ते 4, 9 किंवा 12 इंच असे वेगवेगळे असते. जुना पाइप एका मापाचा आणि नवे भांडे दुसऱ्या मापाचे असले, की टाकी एकतर भिंतीवर आदळते किंवा अधांतरी राहते. मग कारागीर बोल्ट आवळून ती ओढून घेतो. त्याने वॉशर एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूने पाणी झिरपते. अधिक आवळल्यास चिनी माती तडकते.

7/ दुरुस्ती मात्र घरच्या घरी होण्यासारखी असते. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी आणि उतरवावी. टाकी व भांड्यामधील जाड रबरी वॉशर बदलावा. टाकी पुन्हा ठेवून दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. लेव्हल पाहत राहावे. भिंतीकडील फट रबराच्या तुकड्याने भरावी, टाकी ओढून नव्हे. शेवटी टाकीच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत. फ्लश न करता वीसेक मिनिटांत भांड्यात रंग उतरला, तर आतला फ्लश वॉल्व्ह गळतो आहे.

8/ ही गळती किती? मिनिटाला 100 मिलिलिटर धरली तरी दिवसाला 144 लिटर. 500 लिटरची गच्चीवरची टाकी एवढ्यानेच साडेतीन दिवसांत रिकामी होते. वाघूर धरणावर अवलंबून असलेल्या जळगावात किंवा पांझराकाठच्या धुळ्यात नळाला दररोज पाणी येत नाही. तिथे हा हिशेब घरातील बाईला उन्हाळ्यात हंड्यांनी चुकवावा लागतो.

9/ परंतु गळणारे पाणी नाहीसे होत नाही. गटारजोडणी नसलेल्या घरात ते अंगणातील सेप्टिक टँकमध्ये जाते. तिथे गाळ खाली बसण्यास पाणी काही काळ संथ राहणे आवश्यक असते. अखंड धारेने तो काळ घटतो. न बसलेला गाळ पुढच्या शोषखड्ड्यात जातो, त्याची माती बुजते, आणि टँक वेळेआधी तुंबतो.

10/ तुंबलेला टँक उपसायला कोणाला बोलावतात, हे सर्वांना ठाऊक आहे. 2013 च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. तरीही विषारी वायूने गुदमरून मृत्यू होतात, आणि मरणारे बहुतांशी पाटी वाहणाऱ्यांचेच वंशज असतात.

11/ पाटी गेली, बोळ बुजले. पण बर्वे समितीपुढील प्रश्न जमिनीखाली शिल्लक राहिला. टाकी सरळ बसवल्याने तो सुटत नाही. टँक भरल्यावर यंत्राची गाडी बोलावणे आणि माणसाला आत उतरू न देणे, हे घरमालकाचे काम उरतेच. मात्र एक वॉशर वेळीच बदलला, तर ती वेळ लांबते.

(समाप्त)