विवरणपत्राची कहाणी



मुलाला चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो. घरात पेढे वाटले जातात. बाप शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जातो आणि तेथे पहिलाच प्रश्न येतो, "आपली प्राप्तिकराची विवरणपत्रे आणलीत का?" वीस वर्षे इमानेइतबारे दुकान चालविलेला तो गृहस्थ गप्प होतो. धंदा खरा, कमाई हलाल, पण कागद एकही नाही. असे प्रसंग आपल्या समाजात अनेकांनी पाहिले असतील. म्हणून या कागदाचा इतिहास आज आपल्यापुढे थोडक्यात मांडीत आहे.

१८५७ चा उठाव मोडून काढताना इंग्रज सरकारचा खजिना रिता झाला. तो भरण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थतज्ज्ञाला विलायतेहून पाठविण्यात आले. त्यांनी आणलेल्या प्राप्तिकराच्या कायद्याला २४ जुलै १८६० रोजी मंजुरी मिळाली. वर्षाला २०० रुपयांच्या आत मिळविणाऱ्यास माफी, त्यापुढे ५०० पर्यंत शेकडा २ आणि ५०० पासून वर शेकडा ४ असा दर होता. लोकांकडून उत्पन्नाचे तक्ते मागविण्यात आले. आपली मिळकत सरकारला लिहून द्यायची, ही कल्पनाच लोकांना नवी आणि संशयास्पद वाटली. विरोध केवळ रयतेचा नव्हता. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनीच या करांविरुद्ध जाहीर मत दिले आणि त्यापायी त्यांना परत बोलाविण्यात आले. विल्सनसाहेबही कायदा झाल्यावर जेमतेम अठरा दिवसांनी, ११ ऑगस्टला, कलकत्त्यात वारले.

हा कर १८६५ साली संपला. नंतर तो कधी परवाना कर, कधी पुन्हा प्राप्तिकर अशा रूपांनी येत-जात राहिला. १८७८ साली परवाना करावरून सुरतेत दंगल झाली. अखेर १८८६ च्या कायद्याने तो कायमचा स्थिरावला. या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले, तसेच धार्मिक व धर्मादाय कार्यासाठी ठेवलेल्या मिळकतीचे उत्पन्नही वगळले. पगारदाराला रुपयामागे ४ पै, आणि वार्षिक २००० रुपये वा अधिक मिळविणाऱ्यास ५ पै असा दर होता. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. रुपयाच्या १९२ पै. तेव्हा महिना १०० रुपयांच्या कारकुनाला वर्षाचे २५ रुपये द्यावे लागत.

पण या कायद्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लहान व्यापाऱ्याचे उत्पन्न किती, हे कलेक्टर ठरवीत असे. तो आपल्या अंदाजाने यादी करी, ती जाहीर होई, आणि आकडा मान्य नसेल त्याने अर्ज घेऊन जावे. म्हणजे तुमच्या कमाईविषयी पहिला शब्द सरकारचा, तुमच्या वाट्याला फक्त तक्रार! ज्याच्याकडे वहीखाते नाही, त्याची तक्रार तरी कोण ऐकणार?

हे चित्र हळूहळू पालटले. १९२२ च्या कायद्याने कराची यंत्रणा बांधली. १९३९ च्या दुरुस्तीनंतर दरवर्षी वर्तमानपत्रांतून जाहीर सूचना निघू लागली, आणि मर्यादेवर उत्पन्न असणाऱ्या प्रत्येकाने विवरणपत्र भरावे असे ठरले. स्वातंत्र्यानंतरचा १९६१ चा कायदा १ एप्रिल १९६२ पासून अमलात आला. त्यात नोटिशीची वाट न पाहता विवरणपत्र भरणे हे नागरिकाचे आपले कर्तव्य झाले. १९६४ पासून तर आपला कर आपणच आकारून भरण्याची तरतूद आली. याच कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली संसदेने नवा कायदा केला व तो १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरविला.

पुढे काही वर्षे दर फार जड होते, हेही सांगितले पाहिजे. १९७३-७४ साली अधिभारासह वरचा दर शेकडा ९७.७५ पर्यंत गेला होता. लपवाछपवीची सवय त्या दिवसांत वाढली. १९८५ साली वरचा दर ५० वर आणि १९९७ साली ३० वर आला. जुने भय मात्र अनेक घरांत अजून राहिले आहे. "विवरणपत्र भरले की मागे लागतात," असे वडीलधारी मंडळी सांगतात आणि मुले ऐकतात.

वाचकहो, या इतिहासाचा बोध साधा आहे. १८८६ साली आपली मिळकत दुसरा सांगत होता, आज ती आपण सांगतो. हा हक्क आहे, आणि तो न वापरणाऱ्याचेच नुकसान होते. उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरता येते. बँकेने ठेवीच्या व्याजातून किंवा मालकाने पगारातून जादा कर कापला असेल, तर तो विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. आणि कर्जाच्या अर्जावेळी मागील वर्षांची विवरणपत्रे एका दिवसात उभी करता येत नाहीत.

तेव्हा पालकांनी आजपासून एक वही घालावी, रोजची जमा व खर्च लिहावा. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आई-वडिलांच्या शेजारी बसून ते आकडे जुळवावेत. शाळेत शिकलेल्या गणिताचा घराला याहून मोठा उपयोग कोणता?