दारिद्र्याचे गुण

आपल्या राज्यात १९९९ साली तीन रंगांची रेशनकार्डं आली. पिवळं हवं तर वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवं. शिवाय घरी टेलिफोन नको, चारचाकी नको. पुढे २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरही कपडे मोजायचे होते. माणशी दोनाहून कमी कपडे असले तर शून्य गुण, दहा असले तर चार. पंखा, कुकर, टीव्ही यांनाही गुण, आणि हो, आपल्या या रेडिओलासुद्धा! गुण वाढले की सवलत दुरावली.

मला खटकतं ते हे, की वस्तू घरात केव्हा आणि कशी आली, याला रकानाच नव्हता. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरी करून कुणी पंखा घेतो. पुढल्या साली गारपीट होते, मजुरी बुडते. पंख्याचा गुण मात्र कागदावर तसाच.