चित्रं कार्टरची, पण देह कुणाचे?

मेडिकलला नंबर लागलेल्या पोरांच्या तोंडी पहिल्याच वर्षी एक नाव येतं, 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या अजून येतात. मजकूर हेन्री ग्रेचा. पण माझ्या मते पुस्तक चाललं ते त्यातल्या ३६३ चित्रांवर. ती काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या तरुण डॉक्टरने. त्याचं नाव आपण घ्यायलाच हवं, कारण हा माणूस पुढे आपल्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता!

तोवर बहुतेक पुस्तकांत अवयवांवर बारीक आकडे किंवा अक्षरं असत आणि नाव खालच्या यादीत शोधावं लागे. कार्टरने स्नायूचं, शिरेचं नाव थेट तिच्या अंगावरच लिहिलं. नकाशात नदीचं नाव नदीसोबत वळत जातं ना, तसं. परीक्षेच्या आदल्या रात्री याची किंमत कळते. ग्रेला विक्रीवर पैसे ठरले. कार्टरला एकरकमी १५० पौंड, विषय संपला.

ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने गेला. कार्टर त्याआधीच मुंबईत आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचना शिकवली. इथे त्याचं खरं हत्यार होतं सूक्ष्मदर्शक. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचा पाय सुजून त्याला भोकं पडतात, त्या 'मदुरा फूट' रोगाच्या ऊती त्याने भिंगाखाली तपासल्या आणि कारण बुरशी आहे असं मांडलं. १८७७ च्या दुष्काळात मुंबईतल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू त्यानेच दाखवले.

आता मूळ प्रश्न. चित्रांतले ते देह कुणाचे?

ब्रिटनमध्ये आधी फाशी गेलेल्या खुन्यांचेच देह कायद्याने विच्छेदनाला मिळत. ते पुरेनात, म्हणून कबरी उकरल्या जाऊ लागल्या. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी तर १६ जणांना मारून देह एका अ‍ॅनाटॉमीच्या डॉक्टरला विकले. मग १८३२ चा कायदा आला: गरिबांच्या आश्रयगृहांत किंवा इस्पितळांत मेलेल्या आणि कुणी न्यायला न आलेल्या माणसांचे देह कॉलेजांना द्यायचे. खून थांबले. पण आधी खुन्याला असलेली शिक्षा आता गरिबाच्या वाट्याला आली. कार्टरच्या चित्रांमागचे देह याच वाटेने आलेले. त्यातल्या एकाचंही नाव पुस्तकात नाही.

आपल्याकडचा १९४९ चा अ‍ॅनाटॉमी कायदाही बेवारस देहांवरच उभा आहे. 'अनोळखी इसमाचा मृतदेह, ओळख पटवण्याचे आवाहन' ही चार ओळींची बातमी आम्ही नेहमी छापतो. त्यातले काही पुढे कॉलेजच्या टेबलावर जातात.

देहदानाने हे ओझं थोडं वाटलं जातं. फॉर्म भरला असेल तर घरच्यांना आजच सांगून ठेवा. कॉलेजला फोन शेवटी त्यांनाच करायचा आहे.