खेळातला गड आणि दगड वाहणारी गाडी

धुळे : संगणकावरील खेळ म्हटला की पळापळ, गोळीबार आणि मोटारींची शर्यत एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ‘ड्वार्फ फॉर्ट्रेस’ या खेळात मात्र खेळाडूचा निम्म्याहून अधिक वेळ दगड कसा उचलावा, या विवंचनेत जातो. सात बुटक्यांची टोळी एका डोंगरापाशी येते, डोंगर पोखरते आणि शत्रू येण्यापूर्वी गड उभा करते, हा या खेळाचा गाभा. खोदणारे हात पुष्कळ असतात, बांधणारेही असतात. अडते ते वाहतुकीपाशी. म्हणूनच या खेळातील साधी एकचाकी लोटगाडी आणि खाणीतील रुळावर चालणारी गाडी यांची रचना हा अनुभवी खेळाडूंच्या जिव्हाळ्याचा विषय होऊन बसला आहे. लळिंग, सोनगीर, भामेर, थाळनेर अशा किल्ल्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या खानदेशी वाचकाला या विषयात केवळ करमणुकीपेक्षा अधिक काही सापडेल.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी हा खेळ रचला. ऑगस्ट २००६ मध्ये तो लोकांसमोर विनामूल्य आला, तेव्हा त्यात चित्रे नव्हतीच. अक्षरे आणि चिन्हे यांनीच डोंगर, झाडे, माणसे दाखविली जात. तरीही न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी निवडलेल्या पहिल्या काही संगणकीय खेळांत त्याचा समावेश केला. त्याच वर्षी मे महिन्यात खेळात लोटगाडी आणि खाणगाडी यांची भर पडली. तोवर प्रत्येक धोंडा एकेका बुटक्याने हातांत उचलून न्यावा लागे. पुढे झॅक यांचे आजारपण आणि उपचारांच्या खर्चाची चिंता यांतून भावांनी २०१९ मध्ये सशुल्क आवृत्तीची घोषणा केली. ही सचित्र आवृत्ती ६ डिसेंबर २०२२ रोजी ‘किटफॉक्स गेम्स’मार्फत बाजारात आली. जुनी, अक्षरांची आवृत्ती अजूनही फुकट मिळते.

ओझ्याचे गणित

गाडीची गरज का भासते, हे समजण्यासाठी खेळ बाजूला ठेवून आपल्याच काळ्या पाषाणाकडे पाहावे. खानदेशातील डोंगर हे दख्खनच्या पठारावरील लाव्हाच्या थरांचे, म्हणजे बेसॉल्टचे. या दगडाचा एक घनमीटर साधारणपणे २,९०० किलो भरतो. त्या हिशेबाने एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा घडीव चिरा सुमारे ८० किलोंचा होतो. एका माणसाने तो डोक्यावर घेऊन चढण चढणे जवळजवळ अशक्यच. दोघांनी बांबूला टांगून न्यावा, तर पाऊलवाटेवर दोघांची चाल जुळली पाहिजे. अशा हजारो चिऱ्यांचा एक तट होतो.

गडकऱ्यांनी या प्रश्नाला दिलेले सर्वांत शहाणपणाचे उत्तर गाडीचे नव्हतेच. दगड वर न्यायचा नाही, वरच काढायचा, हे ते उत्तर. सह्याद्रीतील किल्ल्यांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. ही टाकी खोदताना निघालेला दगड तटाबुरुजांना वापरण्याची रीत होती. एकाच कष्टात पाण्याची सोय झाली आणि बांधकामाचे सामानही हाताशी आले. धुळ्याच्या दक्षिणेस दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा मार्गालगत उभ्या असलेल्या लळिंगच्या माथ्यावरही अशी कातळकोरीव टाकी आहेत. साक्री तालुक्यातील भामेरवर तर डोंगराच्या कुशीत कोरलेल्या दालनांची रांगच आढळते. तेवढा कातळ फोडल्यावर निघालेला दगड कुठे गेला असेल, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर सहज मनात येतो.

‘ड्वार्फ फॉर्ट्रेस’मधील निष्णात खेळाडू नेमकी हीच युक्ती योजतात. दालन खोदायचे तेथेच पाथरवटाचे कामठाण मांडायचे आणि धोंडा फोडून तेथेच चिरे करायचे. खेळाच्या नियमानुसार एका धोंड्याचे चार चिरे होतात आणि प्रत्येक चिरा धोंड्याच्या मानाने पुष्कळ हलका असतो. न घडलेला धोंडा शंभर पावले दूर नेऊन मग फोडणे हा निव्वळ नवशिक्याचा उद्योग. गाडीची पहिली चांगली रचना म्हणजे गाडीची गरजच कमी करणारी मांडणी, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

एकचाकी लोटगाडी

भाजीबाजारात चार चाकांची लोटगाडी ढकलणारा विक्रेता धुळेकरांच्या रोजच्या परिचयाचा. खेळातील लोटगाडी मात्र एका चाकाची, दोन दांड्यांची. सुतार ती लाकडाची करतो, लोहार धातूची. ती कोणा एका बुटक्याला द्यायची नसते, तर दगडांच्या साठ्याला नेमून द्यायची असते. त्या साठ्याकडे जड वस्तू आणणारा बुटका ती घेऊन जातो, एक धोंडा तीत घालतो आणि रिकाम्या हाताने चालावे तशा चालीने परततो. ओझ्याने पावले जड होणे टळते, हाच सारा लाभ.

येथे एक खोच आहे. साठ्याला एकच लोटगाडी नेमली, तर एका वेळी एकच बुटका त्या साठ्यासाठी धोंडे आणू लागतो. बाकीचे हात चोळीत बसतात. गाडी दिल्यामुळे काम मंदावल्याची तक्रार नवे खेळाडू करतात, तिचे मूळ बहुधा येथेच असते. जवळच्या साठ्याला गाडी न देणेच उत्तम; दूरच्या साठ्याला मात्र दोन-तीन द्याव्यात. खेळाने एक अजब सवलतही दिली आहे. ही लोटगाडी जिन्यावरूनही विनासायास चढते-उतरते. लळिंगची वाट चढून दमलेल्या माणसाला याचे हसू येईल.

रूळ, उतार आणि थांबा

खाणगाडीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. विदर्भातील कोळसा खाणींत जिला ‘टब’ म्हणतात, तिचीच ही जुनी बहीण. एका गाडीत पाच धोंडे मावतात. तिला जिना चालत नाही, चढ-उताराची सलग वाट लागते. खेळातील तंत्रज्ञान साधारण इ.स. १४०० च्या पुढे जाऊ द्यायचे नाही, असा दंडक रचनाकारांनी घालून घेतला आहे. त्यामुळे वाफेचे इंजिन नाही. येथील रूळ म्हणजे कातळाच्या जमिनीत कोरलेली खाच. जेथे कातळ नाही तेथे ती बांधून काढावी लागते.

कोरीव खाचेतून चाक फिरविण्याची कल्पना काल्पनिक मुळीच नाही. ग्रीसमध्ये कोरिंथच्या संयोगभूमीवर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात दगडात खाचा असलेली वाट होती आणि तिच्यावरून जहाजे ओढून नेली जात. जर्मन विद्वान अ‍ॅग्रिकोला याच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथात फळ्यांवरून धावणाऱ्या खाणगाडीचे वर्णन आहे. तिच्या तळाशी असलेली खुंटी फळ्यांमधील फटीतून जाई आणि गाडी वाट सोडत नसे. चालताना होणारा आवाज भुंकण्यासारखा वाटे, म्हणून खाणकामगार तिला कुत्रा म्हणत. आपल्याकडे तर अनेक किल्ल्यांवर चुन्याची घाणी आजही दिसते. वर्तुळाकार दगडी चर आणि त्यात बैलाने फिरवायचे जड दगडी चाक, असे तिचे स्वरूप. ती दगड वाहत नाही, चुना मळते. पण चाकाला चराने वाट दाखवायची, ही युक्ती तीच.

खेळात गाडी हाकण्याच्या तीन तऱ्हा आहेत. बुटक्याने सोबत चालत ती न्यायची, धक्का देऊन सोडून द्यायची, किंवा स्वतः तीत बसून जायचे. साध्या कामासाठी पहिली तऱ्हाच निवडावी. गाडी माणसाच्या चालीने जाते, वळणावर घसरत नाही, वाटेत कोणी आडवे आले तरी दुखापत होत नाही. धक्का देऊन सोडलेली गाडी उतारावर वेग घेते, वळणावर रूळ सोडते आणि समोर सापडलेल्या बुटक्याची हाडे मोडते. काही खेळाडू हाच दोष शस्त्र म्हणून वापरतात आणि दगडांनी भरलेली गाडी वेशीत शिरणाऱ्या शत्रूवर सोडतात. पण तो निराळा विषय.

उताराचे महत्त्व मात्र खऱ्या जगाइतकेच खेळातही आहे. दहा फुटांना एक फूट अशा चढावर एक टनाची गाडी ओढायची, तर घर्षण सोडून दिले तरी सुमारे शंभर किलोंच्या भाराइतका जोर लागतो. मुंबईहून भुसावळकडे येणारा लोहमार्ग थळ घाटात ३७ फुटांना एक फूट एवढाच चढतो, तरी गाडीला तेथे मागून जादा इंजिने लावावी लागतात. म्हणून भरलेली गाडी उताराने जावी आणि रिकामी चढाने परतावी, अशीच वाट आखावी. खाण वरच्या मजल्यावर आणि कामठाण खालच्या मजल्यावर असेल, तर अर्धे काम डोंगरच करतो. चढावर वेग हवाच असेल, तर पवनचक्की किंवा पाणचक्कीच्या बळावर फिरणारे लाटे रुळावर बसविता येतात. सुरुवातीच्या गडाला ती हौस परवडत नाही.

राहता राहिला थांबा. प्रत्येक मार्गाला किमान एक थांबा हवा. गाडी भरल्यावर निघावी की ठरावीक दिवसांनी, हे तेथे ठरवायचे. रुळावर बांधायच्या थांब्याला गाडी एका बाजूस आपोआप उलटी करण्याची सोय असते. यातून एक चलाखी निघाली आहे. शेजारच्या साठ्यातील धोंडे गाडीत भरायचे आणि थांब्याने ते एकाच चौकोनात ओतत राहायचे. एका चौकोनात हवे तितके धोंडे मावतात. त्यासाठी रूळ कोरण्याचीही आवश्यकता नाही. एक गाडी आणि एक थांबा पुरतो. याला लबाडी म्हणावे की नाही, यावर खेळाडूंत मतभेद आहेत. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते ती लबाडीच. मात्र तटाची भिंत अपुरी असताना आणि शत्रू वेशीवर असताना तिचा मोह आवरणे कठीण.

गाडीचे लाकूड की लोखंड, हा प्रश्न फक्त एकाच वेळी निर्णायक ठरतो. भूगर्भातील तप्त रस वर आणायचा असेल, तर लाकडी गाडी जळून जाते, लोखंडी टिकते. दगडासाठी लाकडी पुरेशी.

हमाली कोणाची?

या खेळात ओझे वाहणे हे कोणाचेच खास काम नसते. ज्याला दुसरे काही काम नाही, त्याने वाहायचे. खाणकरी, पाथरवट, लोहार यांच्या कौशल्याची नोंद होते, ते वाढत जाते. हमाली मात्र हिशेबाबाहेर राहते. गड पडण्याची कारणे शोधू गेल्यास अनेकदा हेच दिसते, की शत्रू आला तेव्हा निम्मी वस्ती एकेका धोंड्यासाठी तटाबाहेर पांगलेली होती.

इतिहासाच्या ग्रंथांतही असेच घडते. किल्ला कोणी बांधविला ते नोंदले जाते, दगड कोणी वाहिले ते क्वचितच. फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेर परिसराची जहागीर मिळालेला मलिक राजा फारुकी १३९९ मध्ये मरण पावला आणि त्याची कबर थाळनेरला आहे, एवढे आपल्याला ठाऊक असते. महाराष्ट्रात दगड वाहण्याचे कौशल्य ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्या वडार समाजातील एका शाखेचे नावच ‘गाडीवडार’ असे आहे. ठेंगण्या, भरीव चाकांच्या गाड्यांतून ते दगड नेत. गाडीची बैठक जमिनीलगत असली की जड दगड फार उंच उचलावा लागत नाही, हे त्यांना अनुभवाने उमगले होते. डोक्या-पाठीवरून ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला तो १९६९ साली, अण्णासाहेब पाटील यांनी चालविलेल्या दीर्घ लढ्यानंतर.

खेळ सुरू करू इच्छिणाऱ्यांना एक सूचना. सात बुटके ज्या बैलगाडीसदृश गाडीतून येतात, ती मोडून लाकूड मिळविता येते आणि पहिली लोटगाडी त्याच लाकडातून होऊ शकते. खाणगाडीचा मार्ग पहिल्या वर्षी आखू नये. आधी विहीर, कोठार आणि वेशीचे दार. दगडांचा ढीग खाणीच्या तोंडाशी साचला तर काही काळ साचू द्यावा.